याचकांना पैसे देण्याविषयीची लोकधारणा

रस्त्यात हात पुढे करणाऱ्या बेघर वा याचक व्यक्तीला रोख पैसे द्यावेत की नाहीत, कोणाला द्यावेत आणि दिलेल्या पैशाचे पुढे काय होते, याबद्दलची समाजातील मते, समजुती आणि लोकांचे प्रत्यक्ष वागणे यांचा विचार या विषयात होतो. मत आणि वागणे यांचा मेळ येथे क्वचितच बसतो. भीक देऊ नये असे ठासून सांगणारा एखाद्या संध्याकाळी खिशात हात घालतो आणि दान हे पुण्य मानणारा बहुतेक वेळा नजर चुकवून पुढे जातो. त्यामुळे लोक काय म्हणतात एवढ्यावरून लोक काय करतात हे ठरवता येत नाही.

चर्चेतला पहिला घोळ बेघर आणि याचक यांना एकच समजण्याचा असतो. अनेक बेघर माणसे कधीच भीक मागत नाहीत. ती मजुरी करतात, भंगार वेचतात, निवाऱ्यात किंवा ओळखीच्यांकडे रात्र काढतात. उलट, मागणाऱ्यांपैकी काहींना डोक्यावर छप्पर असते, पण भाडे आणि पोट दोन्ही भागत नाही. ‘याला घर आहे, म्हणजे हा ढोंगी’ हा निष्कर्ष म्हणूनच घाईचा ठरतो.

लोकधारणेच्या मुळाशी पात्रतेची परीक्षा असते आणि ती काही क्षणांत उरकली जाते. म्हातारपण, अपंगत्व, कडेवरचे मूल या गोष्टी मागणाऱ्याच्या बाजूने जातात. तरुण वय, धडधाकट शरीर, दारूचा वास विरुद्ध जातो. ‘हातपाय धड आहेत, काम करायला काय होतं?’ हे वाक्य वेगवेगळ्या भाषांत शतकानुशतके बोलले गेले आहे. न दिसणारे आजार, तुरुंगातून सुटलेल्याला न मिळणारे काम, कागदपत्रांचा अभाव यांना या परीक्षेत गुण नाहीत.

धर्मविचारात दोन्ही सूर सापडतात. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक, तर अपात्राला दिलेले तामस म्हटले आहे. कुराण मागणाऱ्याला झिडकारू नये असे सांगते, पण इस्लामी परंपरेत घेणाऱ्या हातापेक्षा देणारा हात श्रेष्ठ मानला जातो. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मायमोनिडीझ याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. गरजू माणूस स्वतःच्या पायावर उभा राहील अशी मदत त्यात सर्वांत वरची आहे. भिक्षेवर जगणारे बौद्ध भिक्खू आणि ख्रिस्ती फ्रान्सिस्कन पंथाचे साधू यांना मात्र ‘काम का करत नाहीस’ असे श्रद्धावान सहसा विचारत नसे. मागण्याची क्रिया तीच, पण मागणाऱ्याचा दर्जा वेगळा. आक्षेप केवळ मागण्याला नसतो, हे यावरून उघड होते.

देणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवण्याची कल्पनाही जुनी आहे. प्लेगच्या साथीनंतर मजुरांचा तुटवडा पडला तेव्हा इंग्लंडमध्ये १३४९ च्या मजूरविषयक अध्यादेशाने काम करू शकणाऱ्या भिकाऱ्यांना दान देण्यास बंदी घातली आणि न जुमानणाऱ्यास कैदेचा धाक घातला. हेतू नीतीचा कमी आणि मजुरीचे दर दाबून ठेवण्याचा जास्त होता. सोळाव्या शतकात वाद तात्त्विक झाला. स्पॅनिश विचारवंत हुआन लुइस व्हिव्हेस याने १५२६ मध्ये (आजच्या बेल्जियममधील) ब्रूज शहरासाठी योजना मांडली: शहराने गरिबांची मोजदाद करावी, सक्षमांना काम द्यावे, भीक बंद करावी. स्पेनमधील धर्मपंडित दोमिंगो दे सोतो याने १५४५ मध्ये त्या दिशेच्या कायद्यांना विरोध केला. मागणे हा गरिबाचा हक्क आहे आणि त्याची कसून छाननी करणाऱ्यांत करुणेपेक्षा तिटकाराच अधिक दिसतो, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. आजचा वाद या दोन टोकांपेक्षा फार पुढे गेलेला नाही.

लंडनमध्ये १८१८ साली स्थापन झालेल्या भिक्षानिर्मूलन संस्थेने मधला मार्ग काढला. वर्गणीदारांनी याचकाला नाणे न देता चिठ्ठी द्यायची. ती घेऊन तो संस्थेत आला की त्याला जेवण मिळे आणि त्याची चौकशी होई. आजच्या ‘रस्त्यावर देऊ नका, संस्थेला द्या’ या मोहिमा याच चिठ्ठीच्या वंशातल्या आहेत. अमेरिकेतील डेन्व्हर शहराने २००७ पासून जुने पार्किंग मीटर दानपेट्यांसारखे उभे केले, ते याचे अलीकडचे रूप.

रोख पैशाविरुद्धचा सर्वांत प्रबळ आक्षेप असा की तो दारू आणि अमली पदार्थांत जातो. हे काही प्रमाणात खरे आहे. व्यसन हे रस्त्यावर येण्याचे एक कारण असते आणि रस्त्यावरच्या जगण्याचा परिणामही. पण किती प्रमाणात, याचा लोकांचा अंदाज बराच चुकतो. टोरांटोत ५४ याचकांची पाहणी झाली आणि ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सर्वांत मोठा खर्च अन्नावर होता, त्याखालोखाल तंबाखूवर, आणि दारू व अमली पदार्थ त्यानंतर. (तंबाखूचा दुसरा क्रमांक दोन्ही पक्षांना गैरसोयीचा आहे.) व्हँकूव्हरमधील प्रयोग याहून बोलका ठरला. त्यात ५० बेघर व्यक्तींना कोणतीही अट न घालता एकरकमी ७,५०० कॅनेडियन डॉलर देण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रक्कम न मिळालेल्यांच्या तुलनेत वर्षभरात त्यांचे बेघर अवस्थेतील दिवस सरासरी ९९ ने घटले आणि दारू, तंबाखू, अमली पदार्थ यांवरचा खर्च वाढला नाही. त्याच अभ्यासात सामान्य लोकांना अंदाज विचारला असता, बेघर माणूस असा पैसा व्यसनांवरच जास्त उडवील असे त्यांना वाटत होते. मात्र गंभीर व्यसन वा मानसिक आजार असलेल्यांना या प्रयोगात घेतले नव्हते, आणि एकरकमी मोठी रक्कम म्हणजे रोजची चिल्लर नव्हे. त्यामुळे याच्या आधारे ‘पैसे द्याच’ असे म्हणता येत नाही. लोकांचा संशय पुराव्यापेक्षा मोठा आहे, एवढे म्हणता येते.

देणे वा न देणे पुष्कळदा विचारापेक्षा प्रसंगावर ठरते. १९९४ च्या एका अमेरिकी प्रयोगात ‘थोडी चिल्लर द्या’ असे म्हणण्याऐवजी नेमके १७ किंवा ३७ सेंट मागितले, तेव्हा जास्त लोकांनी पैसे दिले. विचित्र आकडा ऐकून माणूस थबकतो आणि ठरीव नकार तोंडातच राहतो. बॉस्टनजवळच्या एका सुपरमार्केटच्या दारात धर्मादाय पेटीसाठी तोंडी विनंती करण्यात आली, तेव्हा देणाऱ्यांची संख्या वाढली, पण जवळजवळ एक-तृतीयांश लोकांनी ते दार टाळून दुसरे गाठले. ही माणसे निर्दय होती असे नाही. समोरासमोर नाही म्हणणे जड जाते, म्हणून विचारले जाण्याचा प्रसंगच टाळला जातो. ‘सुट्टे नाहीत’ हे उत्तरही त्याच अवघडलेपणातून येते.

मुलांच्या बाबतीत मत बरेच एकसारखे आहे: मुलाच्या हातात पैसे ठेवले की त्याला रस्त्यावर ठेवणे फायद्याचे ठरते, म्हणून बालहक्कांचे काम करणारे ते टाळण्यास सांगतात. सक्तीने भीक मागायला लावणे हा मानवी तस्करीचा प्रकार म्हणून युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात नोंदला आहे, आणि भारतात भीक मागण्यासाठी मुलाला पळवणे वा अपंग करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. टोळ्या असतात, पण प्रत्येक याचकामागे टोळी पाहण्याची सवय न देण्याला सोयीचे कारण पुरवते.

कायद्याचा कल देशागणिक वेगळा आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांविरुद्धच्या खटल्यात संघीय अपील न्यायालयाने शांतपणे भीक मागणे ही अभिव्यक्तिस्वातंत्र्याखाली संरक्षित अभिव्यक्ती मानली. पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चर्चच्या दिशाफलकांवरून झालेल्या वादात, मजकूर पाहून अभिव्यक्तीवर घातलेले निर्बंध कडक कसोटीवर तपासावेत असा दिलेला निर्णय भीकबंदीचे अनेक स्थानिक नियम रद्द करण्यास कामी आला. जिनिव्हात भीक मागितल्याबद्दल रोमा या युरोपातील वंचित समाजातल्या एका स्त्रीला ५०० फ्रँक दंड झाला. तो भरता न आल्याने तिला पाच दिवस तुरुंगात काढावे लागले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये हा तिच्या खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग ठरवला. दिल्लीतही लागू असलेल्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ मधील भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या रद्द केल्या. दुसरीकडे, इंदूरच्या प्रशासनाने जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यांवरच गुन्हे नोंदवण्याचे जाहीर केले. स्वीडनमधील एस्किल्स्तुना शहराने २०१९ मध्ये भीक मागण्यासाठी २५० क्रोनांचा परवाना आणला. मागणाऱ्याने मागण्याआधी भरायचे शुल्क म्हणून तो जगभर चर्चिला गेला.

रोकड मागे पडत चालल्याने ही देवघेवही बदलते आहे. लंडनमध्ये १९९१ पासून ‘द बिग इश्यू’ हे नियतकालिक बेघर विक्रेत्यांमार्फत विकले जाते. तेथे पैसे देणारा दाता न राहता ग्राहक होतो. स्टॉकहोममधील अशाच नियतकालिकाच्या विक्रेत्यांना २०१३ मध्ये कार्ड घेणारी यंत्रे मिळाली. ज्याच्यापाशी बँक खाते वा फोन नाही, अशा याचकाला मात्र नाण्यांशिवाय दुसरे काही घेता येत नाही, आणि ती नाणी आता अनेक खिशांत नसतात.