स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पैसे कुठे जातात?

1978 साली ब्रिटनमधल्या एनएडी कंपनीने 3020 नावाचा अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणला. करडा साधा डबा, पुढे थोडी बटणं, पाच छोटे दिवे आणि कागदावर ताकद अवघी 20 वॉट प्रति चॅनल. तो काळ वॉटच्या चढाओढीचा होता. तरीही ज्यांनी हा अ‍ॅम्प घेतला त्यांचा अनुभव असा, की कागदावर दुप्पट ताकदीचे अ‍ॅम्प ज्या स्पीकरवर घसा बसल्यासारखे वाजत, तिथे हा निर्धास्त वाजे. आज पंचेचाळीसहून अधिक वर्षांनीही लोक तो दुरुस्त करून वापरतात.

स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पबद्दल मालक जे सांगतात, म्हणजे ‘दमदार वाजतो’, ‘मोठा केला की कर्कश होतो’, ‘दोन-तीन वर्षांत गुणगुणायला लागला’, ते बहुतेक वेळा खरंच असतं. पण त्याचं कारण ट्रान्झिस्टरमध्ये शोधलं तर क्वचितच सापडतं. ट्रान्झिस्टर हा अ‍ॅम्पमधला सर्वांत स्वस्त भागांपैकी एक. खरे पैसे जातात ट्रान्सफॉर्मरच्या तांब्या-लोखंडात, उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये आणि वीज साठवणाऱ्या मोठ्या कंडेन्सरमध्ये. काटकसर करणारा उत्पादक हात घालतो तोही तिथेच.

आधी वॉटचा हिशेब. घरगुती स्पीकरला 1 वॉट दिला, तर 1 मीटरवर साधारण 86 ते 88 डेसिबल आवाज मिळतो. दिवाणखान्यात आपण गाणी ऐकतो ती 70-75 डेसिबलला, म्हणजे सरासरी ताकद लागते वॉटच्या एखाद्या अंशाएवढी. मग 20 वॉट तरी कशाला हवेत? कारण संगीत सपाट नसतं. तबल्यावरची मोकळी थाप किंवा ड्रमचा ठोका सरासरीच्या 15 ते 20 डेसिबल वर उडी मारतो आणि 20 डेसिबल म्हणजे ताकदीत 100 पट. सरासरी 0.3 वॉटवर चाललेलं गाणं एका क्षणासाठी 30 वॉट मागतं. उलट 20 ऐवजी 40 वॉटचा अ‍ॅम्प आणला, तर वरच्या टोकाला मिळतात फक्त 3 डेसिबल. कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. म्हणून खोक्यावरचा आकडा दुप्पट झाला एवढ्यावर भुलून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

अर्थ आहे तो त्या एका क्षणाला अ‍ॅम्प किती करंट देऊ शकतो यात. 8 ओहम रोधाच्या स्पीकरला 20 वॉट द्यायचे तर व्होल्टेजचं शिखर सुमारे 18 व्होल्ट आणि करंटचं 2.2 अँपियर. पण मागच्या पट्टीवर 8 ओहम लिहिलेला स्पीकर काही स्वरांना 4 ओहमच्या खालीही उतरू शकतो. 2 ओहमपर्यंत उतरला, तर त्याच 18 व्होल्टला 9 अँपियर लागतात. इथे बरेच अ‍ॅम्प हात टेकतात, कारण ट्रान्सफॉर्मर लहान, कंडेन्सर लहान किंवा संरक्षक सर्किट भित्रं. 3020 चा नॉर्वेजियन अभियंता एरिक एडवर्डसनने नेमकं इथे औदार्य दाखवलं. त्याचा अ‍ॅम्प क्षणभरासाठी 8 ओहमवर 40 वॉटच्या आसपास आणि 2 ओहमवर 70 वॉटच्या आसपास देत असे. शिवाय मागे ‘सॉफ्ट क्लिपिंग’चं बटण होतं. अ‍ॅम्प मर्यादेबाहेर गेला की लहरींची शिखरं कापली जातात. हे बटण ती धार गोल करतं. पार्टीत आवाज वाढवून ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जाळल्याच्या ज्या असंख्य तक्रारी असतात, त्यांचं मूळ बहुधा या कापलेल्या शिखरांत असतं.

आता गंमत पाहा. या नावाजलेल्या अ‍ॅम्पच्या आउटपुटला कुठलाही दुर्मिळ भाग नव्हता. 2एन3055 हा ट्रान्झिस्टर आणि त्याचा जोडीदार एमजे2955, एवढंच. हीच जोडी मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या हौशी लोकांनी विकत घेऊन, 24-0-24 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला जोडून, घरी अ‍ॅम्प बनवले. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने 1960 च्या दशकात आणलेला 2एन3055 15 अँपियर आणि 60 व्होल्टचा, कागदावर 115 वॉटचा.

त्या 115 चा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण अनेक अ‍ॅम्प जळतात ते याच गैरसमजातून. हा आकडा म्हणजे ट्रान्झिस्टर पोटात किती उष्णता सोसेल त्याची मर्यादा, तीही त्याचं धातूचं कवच 25 अंशांवर ठेवलं तर. आतल्या सिलिकॉनपासून कवचापर्यंत उष्णतेच्या वाटेत दर वॉटमागे 1.5 अंशांचा अडथळा आहे. 115 वॉट गुणिले 1.5 म्हणजे 172 अंश; त्यात कवचाचे 25 मिळवले की जवळपास 200, आणि तिथे सिलिकॉनची सहनशक्ती संपते. प्रत्यक्षात मे महिन्यात नागपूरच्या घरात कवच सहज 80 अंशांवर जाईल. म्हणजे मर्यादा 80 वॉटवर आली. हीटसिंक लहान असेल तर आणखी खाली. बनावट 2एन3055 मध्ये तर कवच तेच, पण आतला सिलिकॉनचा तुकडा अगदी लहान असतो. तो पहिल्याच जोरदार ठोक्याला जातो.

उष्णतेचा दुसरा पेच बायसचा. लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. दोन्ही पूर्ण बंद ठेवले तर हस्तांतराच्या क्षणी फट पडते आणि हळू आवाजात गाणं खरखरीत लागतं. म्हणून दोघांतून थोडा करंट कायम वाहता ठेवतात. हाच बायस. पण ट्रान्झिस्टर तापला की तो उघडायला लागणारं व्होल्टेज दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टनी घटतं. मग करंट वाढतो, त्याने आणखी उष्णता, आणखी करंट. हे चक्र थांबवण्यासाठी एक छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटवतात; तो तापमान ओळखून बायस खाली आणतो. दुरुस्तीत हा तुकडा सुटा लोंबकळत राहिला, तर काही मिनिटांत आउटपुट उडतं. अ‍ॅम्प दुरुस्त होऊन आल्यावर पहिला अर्धा तास त्याच्या हीटसिंकला हात लावून पाहत राहावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

अशा अ‍ॅम्पमध्ये सर्वांत जास्त उष्णता पूर्ण ताकदीवर होत नाही. ती होते साधारण 40 टक्के ताकदीवर. अमेरिकेत वॉटचे फुगवलेले आकडे रोखण्यासाठी 1974 मध्ये नियम आला, तेव्हा मोजणीआधी अ‍ॅम्प तासभर एक तृतीयांश ताकदीवर चालवण्याची अट होती. ते जवळजवळ सर्वांत वाईट ठिकाण. लहान हीटसिंकच्या अ‍ॅम्पना ती अट फार जाचली आणि पुढे ती सैल करण्यात आली. आपल्याकडे मात्र हजारो ‘पीएमपीओ वॉट’ (क्षणिक शिखराची म्हणून सांगितलेली ताकद) छापलेले खोके वर्षानुवर्षं विकले गेले. त्या आकड्याची कोणतीही ठरलेली मोजपद्धत नाही.

वर्षं लोटल्यावरचे अनुभव बहुतेक कंडेन्सरचे असतात. 85 अंशांवर 2000 तास आयुष्य असलेला कंडेन्सर दर 10 अंश थंड ठेवला की आयुष्य दुप्पट होतं, असा ढोबळ नियम आहे. डब्यातलं तापमान 45 अंश असेल तर 32,000 तास. रोज 4 तास ऐकलं तरी वीसेक वर्षं. तोच अ‍ॅम्प टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंबला आणि आत 65 अंश झाले, तर 8000 तास, म्हणजे साडेपाच वर्षं. एकच अ‍ॅम्प एकाला अमर वाटतो आणि दुसऱ्याला भंगार, त्याचं उत्तर अनेकदा कपाटाच्या दारात असतं.

कंडेन्सर सुकला की 100 हर्ट्‌झची गुणगुण येते. 50 हर्ट्‌झची येत असेल आणि मागची इनपुट वायर काढल्यावर थांबत असेल, तर दोष अर्थिंगच्या वाटेत. केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स जोडलेल्या घरांत हे खूप दिसतं. त्यावर उपाय म्हणून प्लगची अर्थ पिन काढणं जिवाशी खेळणं आहे. एक चॅनल हळू आवाजात गायब आणि व्हॉल्यूम वाढवल्यावर परत येत असेल, तर रिलेच्या (आपोआप चालणाऱ्या स्विचच्या) किंवा बटणाच्या टोकांवर गंज चढला आहे. बारीक करंटला तो थर भेदता येत नाही. कोकणातल्या, गोव्यातल्या दमट हवेत हे लवकर होतं. जुन्या 3020 मध्ये मागच्या प्री-आउट आणि मेन-इन (आधीच्या टप्प्याची बाहेरची आणि मुख्य टप्प्याची आतली जोडणी) यांना जोडणाऱ्या धातूच्या पिना साफ केल्या तरी मेलेला चॅनल जिवंत होतो. व्हॉल्यूमची खरखर क्लीनरने जाते. गेली नाही, तर आधीच्या टप्प्यातला एखादा कंडेन्सर गळतो आहे.

आणि आवाजाचा पोत? 1978 मध्येच ब्रिटनमध्ये क्वाड कंपनीच्या तीन अ‍ॅम्पची चाचणी झाली होती, एक व्हॉल्व्हचा (जुन्या काचेच्या नळ्यांचा) आणि दोन ट्रान्झिस्टरचे. आवाजाची पातळी सारखी ठेवून, नाव न सांगता ऐकवल्यावर जाणत्या कानांनाही ते ओळखता आले नाहीत. पातळीत अर्ध्या डेसिबलचा फरक असला, तर मोठा वाजणारा अ‍ॅम्प आपल्याला ‘जास्त मोकळा’ वाटतो. दुकानात दोन अ‍ॅम्प ताडून पाहताना आधी पातळी जुळवून घ्या.

आजचे क्लास-डी, म्हणजे ट्रान्झिस्टर अतिवेगाने पूर्ण चालू-बंद करणारे, अ‍ॅम्प हातात मावतात, जेमतेम तापतात. टीपीए3116 चिपचे बोर्ड तर फारच स्वस्त मिळतात आणि नीट वापरले तर छान वाजतात. इथेही ताकद ठरवतो तो वीजपुरवठा. लॅपटॉपचा 19 व्होल्ट, 3.42 अँपियरचा अ‍ॅडॉप्टर जोडला तर एकूण मिळणार 65 वॉट. 90 टक्के कार्यक्षमता धरली तरी दोन्ही चॅनल मिळून सलग 58 च्या वर काही नाही, बोर्डावर 100 अधिक 100 छापलेलं असलं तरी. 24 व्होल्ट, 5 अँपियरचा चांगला अ‍ॅडॉप्टर घेतला तर बराच दम येतो. त्याहून वर मात्र जाऊ नये, कारण या चिपची शिफारस केलेली मर्यादा 26 व्होल्टची आहे.