नेपल्सचा पिझ्झा, न्यूयॉर्कचा पिझ्झा आणि तुमचा ओटीजी

शनिवारी कुणाच्या तरी घरी पिझ्झा करायचा ठरला की शुक्रवारी आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ पडतोच. इटलीतल्या नेपल्समधले कुणी आजोबा, पाठीमागे धगधगणारी लाकडाची भट्टी, आणि परातीत फक्त पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. खाली मेसेज, "हाच खरा पिझ्झा. साखर नाही, तेल नाही. उद्या असाच करू या." शनिवारी रात्री नऊ वाजता तोच मेसेज टाकणारी मैत्रीण ओटीजीच्या, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या, काचेला नाक लावून उभी असते. "अगं, अजून पांढराच कसा?"

पांढराच राहणार. आणखी दहा मिनिटं ठेवलास तर पांढरा आणि वर खडखडीत होईल. मी हे स्वतः करून बसलेय. आठ माणसं जेवायला, सहा पिझ्झे, आणि एकाचीही कड दाताला दाद देईना. शेवटी मुलांनी वरचं चीज खाल्लं आणि बुडं ताटात तशीच राहिली. तेव्हा दोष यीस्टला दिला होता. यीस्ट बिचारं निर्दोष होतं.

घोळ असा आहे की नेपल्सचा पिझ्झा आणि न्यूयॉर्कचा पिझ्झा यांतला फरक लोकांना चवीचा, परंपरेचा, फार तर जाड-पातळचा वाटतो. तो आहे जाळाचा.

न्यूयॉर्कचा पिझ्झा तुमच्या ओळखीचा आहे, नाव माहीत नसलं तरी. १९९६ मध्ये अमेरिकन साखळ्यांची दुकानं भारतात सुरू झाली आणि पिझ्झा म्हणजे काय याची आपली कल्पना तिथेच पक्की झाली. त्याच अमेरिकन कुळातला हा जरा सडपातळ भाऊ. मोठा, आठ तुकडे केलेला, तुकडा मधोमध दुमडून चालता चालता खायचा. खालून कडक, आतून चिवट, चीज लांब ताणलं जाणारं. यावर जास्त लिहीत नाही, तुम्ही खाल्लेला आहे.

नेपल्सचा लहान असतो, माणशी एक. कड फुगलेली, तिच्यावर काळे ठिपके, मधला भाग इतका मऊ आणि ओलसर की काटा-सुरीने खावा नाहीतर चौघडी घालून. तिथल्या पिझ्झेवाल्यांची १९८४ मध्ये स्थापन झालेली एक संघटना आहे आणि तिचे नियम एखाद्या सोवळ्याच्या स्वयंपाकघराला लाजवतील असे आहेत. व्यास ३५ सेंटीमीटरच्या वर नको, लाटणं नको, पिठात चार जिन्नसांपलीकडे काही नको. २०१७ मध्ये युनेस्कोने तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. छान आहे. अभिमान वाटावा असंच आहे.

पातळ आणि कुरकुरीत म्हणजे नेपल्सचा, ही समजूत मात्र आजच सोडून द्या. पापडासारखा वाजणारा पिझ्झा रोममध्ये करतात. बेसिल भट्टीत घालायच्या आधी टाकायचं की नंतर, सॉसमध्ये ओरेगॅनो चालतो का, असल्या वादांनाही माझ्या घरी जागा नाही. कसंही करा.

आता त्या नियमावलीतली एक ओळ, जी व्हिडिओ पाहताना सगळ्यांच्या नजरेतून सुटते. भट्टीचं तापमान साधारण ४३० ते ४८५ अंश सेल्सिअस, आणि भाजायचा वेळ ६० ते ९० सेकंद. सेकंद! तुमच्या ओटीजीचं बटण कुठपर्यंत फिरतं ते एकदा जाऊन बघा. २३०, फार तर २५०. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर बहुधा त्याहूनही कमी. दोन शहरांतला खरा फरक या आकड्यात आहे. बाकीचे सगळे फरक त्याच्या पोटातून निघालेले आहेत.

तंदुरी रोटी आठवा. तंदूर चारशेच्या पुढे तापतो, रोटी भिंतीला चिकटते, मिनिटभरात फुगते, डाग पडतात, आत ओलावा तसाच. तीच कणीक घरी मंद तव्यावर दहा मिनिटं ठेवली तर काय होईल? चामडं. कणीक बिघडलेली नसते, तिला मिळालेला जाळ चुकलेला असतो. हे आपल्याला रोटीच्या बाबतीत न सांगता कळतं आणि पिझ्झ्याच्या बाबतीत व्हिडिओ पाहूनही कळत नाही.

आत काय चालतं ते सांगते. पीठ ओलं असेतोवर त्याचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या फार वर जात नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. वरचा थर सुकला की तो तापू लागतो आणि साधारण १४० अंशांच्या पुढे बदामी रंग धरतो. नेपल्सच्या भट्टीत हा थर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सुकतो. आतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्याची वाफ होऊन कड फुगते आणि पिझ्झा बाहेर येतो तेव्हा आत अजून ओलसर असतो. म्हणून त्यांना तेल लागत नाही आणि साखर तर नकोच. तेवढ्या जाळात साखर घातलीत तर रंग येण्याऐवजी कोळसा होईल.

ओटीजीत हेच सगळं रांगत रांगत होतं. वरचा थर सुकायलाच पाच-सहा मिनिटं जातात. रंग यायला आणखी तितकीच. तोवर आतला ओलावा निघून गेलेला. म्हणजे रंगाची वाट पाहिली तर बिस्किट, मऊपणासाठी लवकर काढला तर कच्चट पांढरी भाकरी. चारच जिन्नसांच्या पिठाला २३० अंशांवर या दोनच वाटा आहेत.

न्यूयॉर्कवाल्यांच्या गॅसच्या ओव्हनमध्ये तापमान २७०-३०० च्या आसपास आणि वेळ सहा ते दहा मिनिटं. तुमच्या ओटीजीचं नातं या ओव्हनशी आहे. त्या लोकांनी पिठात थोडी साखर आणि थोडं तेल घातलं. साखरेमुळे रंग लवकर येतो, म्हणून पिझ्झा सुकायच्या आत बाहेर काढता येतो. तेलामुळे जास्त वेळ भाजूनही पोत मऊ राहतो. ही भेसळ नाही. दोनशे अंश जाळ कमी पडतो, त्याची ती भरपाई आहे. "आम्ही साखर घालत नाही हं, ऑथेंटिक करतो," असं ओटीजीजवळ उभं राहून म्हणणाऱ्या माणसाला मी हल्ली फक्त चहा देते.

हीच गत त्या महागड्या इटालियन '००' पिठाची. आधी ते शून्य-शून्य म्हणजे ताकद नव्हे, हे समजून घ्या. पीठ किती पांढरं, कोंडा काढून किती स्वच्छ केलेलं आहे, त्याची ती श्रेणी आहे. चिवटपणा प्रथिनांवर ठरतो आणि '००' पीठ कमी प्रथिनांचंही मिळतं, जास्तीचंही. शिवाय बरंचसं '००' मोठ्या जाळासाठी केलेलं असतं. त्यात रंग आणणारं माल्ट नसतं. ते ओटीजीत आपल्या मैद्याइतकंच, किंबहुना जास्तच, फिकट राहतं. कितीतरी पट पैसे मोजून आणखी पांढरा पिझ्झा! मैद्याच्या पाकिटावर शंभर ग्रॅममागे प्रथिनं बघा. ११ च्या आसपास असली की काम भागतं.

माझं प्रमाण हे, नऊ-दहा इंची सहा पिझ्झ्यांसाठी. मैदा ८०० ग्रॅम, पाणी ४८०, मीठ १६, साखर १६, तेल २४, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम. मळायचं, सव्वादोनशे ग्रॅमच्या आतबाहेरचे सहा गोळे करून तेल लावलेल्या डब्यांत फ्रिजमध्ये, किमान २४ तास. थंडीत हळूहळू फुगताना पिठातल्या स्टार्चची थोडी साखर आपोआप होते. चव तर येतेच, रंगालाही मदत होते. एप्रिल-मे असेल तर गोळे ओट्यावर विसरू नका, दोन तासांत डब्याचं झाकण उचलून बाहेर येतात. भाजायच्या तासभर आधी बाहेर काढले की पुरे. आणि यीस्ट जास्त घातलं की लवकर होतं, हा शॉर्टकट मला सांगू नका. लवकर होतं आणि वास मारतं.

लाटणं इथेही नकोच. गोळा बोटांनी मधून दाबत कडेकडे न्यायचा, शेवटचं बोटभर सोडून द्यायचं. भाकरी थापणाऱ्या हाताला हे दोन प्रयत्नांत जमतं, फक्त भाकरीची कड आपण पातळ करतो आणि इथे तिला हात लावायचा नाही.

जाळ वाढवता येत नसला तरी साठवता येतो. बिडाचा जाड तवा, मूठ नसलेला, उलटा करून ओटीजीच्या खालच्या जाळीवर ठेवा, वरच्या-खालच्या दोन्ही कांड्या चालू, बटण शेवटपर्यंत, ४०-४५ मिनिटं. पिझ्झा सपाट लाकडी फळीवर बारीक रवा भुरभुरून तयार करायचा आणि झटक्यात तव्यावर सरकवायचा. आठ-नऊ मिनिटांत होतो. ज्यांना नेपल्सच हवं त्यांच्यासाठी त्यातल्या त्यात जवळची वाट म्हणजे तवा आधी गॅसवर कडकडीत तापवून पिझ्झ्याचं बूड दोन-तीन मिनिटांत डागायचं आणि मग तवा उचलून वरच्या लाल कांडीखाली ठेवायचा. जमतं, पण जड तवा, घरभर पाहुणे आणि पायात घोटाळणारी मुलं असताना मी करत नाही.

चीजचा घोळ याच घोळाचं पिल्लू आहे. पाण्यात तरंगणारं ताजं मोझरेला ५० ते ६० टक्के पाणीच असतं. नव्वद सेकंदांत ते फक्त विरघळतं. दहा मिनिटांत त्याचं पाणी सुटून मध्ये तळं होतं. न्यूयॉर्कवाले कमी पाण्याचं मोझरेला वापरतात, आपल्याकडे पिझ्झा चीज म्हणून जो ठोकळा मिळतो तो त्याच जातीचा. ठोकळाच आणा आणि घरी किसा. किसलेल्या पाकिटात चिकटू नये म्हणून पूड लावलेली असते. ताजंच घालायचं असेल तर चक्क्यासारखं फडक्यात बांधून रात्रभर टांगा. प्रोसेस्ड क्यूब किसून घालणाऱ्यांशी माझं वैर नाही, पण ती चीज टोस्टची चव आहे.

सॉस तिकडे कच्चाच घालतात, कारण त्यांचे टोमॅटो गराचे. आपले संकरित टोमॅटो पाणीदार, म्हणून लसूण-मीठ घालून पळीवाढं पाणी उरणार नाही इतका आटवा. केचपचा विषय काढू नका.

राहता राहिली पाहुण्यांची गोष्ट, आणि इथेही तो आकडाच आडवा येतो. दीड मिनिटाला एक पिझ्झा निघतो तिथे प्रत्येकाला आपापला करू देणं परवडतं. तुमच्याकडे एकाला नऊ मिनिटं, वर तवा पुन्हा तापायला पाच. सहा पिझ्झ्यांना सव्वा तास. आठ जणांनी आठ पिझ्झे सजवले तर आठवा माणूस घरून जेवून आलेला बरा. त्यामुळे आमच्याकडे पिझ्झ्याची पंगत बसत नाही. आंबोळ्यांच्या संध्याकाळसारखं चालतं, निघेल तसा कापायचा, सगळ्यांना एकेक तुकडा, पुढचा आत. चार बुडं सॉस लावून दुपारीच तीन-चार मिनिटं अर्धी भाजून जाळीवर गार करून ठेवते. रात्री फक्त चीज घालून पाच मिनिटं. सिमला मिरची आणि मशरूम आधी परतून घ्या, कच्ची घातली की पुन्हा तेच तळं. आणि ओटीजी चालू असताना गिझर लावू नका. आमचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, तिसऱ्या पिझ्झ्याला पडला होता.

हे सगळं लिहून मागच्या महिन्यात मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. चार दिवसांनी नणंदेचा फोन. तिने गच्चीवर गॅसची छोटी पिझ्झा भट्टी घेतलीय, चारशेच्या पुढे जाणारी.

"वहिनी, कडा काळ्या ठिक्कर झाल्या हो. मिनिटभरसुद्धा नाही ठेवला."

"साखर घातलीस?"

"तुमच्याच रेसिपीत होती ना!"