लॉग कोरी आहे म्हणजे बॅकअप झाला, असं नाही

(आमच्याकडून लिनक्स सर्व्हर बसवलेल्या जिनिंग, दालमिल आणि पतसंस्थांसाठी)

कापसाचा सीझन लागला की फोन ठरलेला: "लॉग फाइल कोरी आहे, एरर काहीच नाही, पण बॅकअपही नाही." (लॉग म्हणजे कमांडने काय केलं याची नोंद.) मशीन उघडून पाहावं, तर बॅकअपच्या ओळीत कोणीतरी 'थोडी दुरुस्ती' केलेली असते.

कमांड दोन वाटांनी बोलते. नेहमीचं आउटपुट १ नंबरने जातं, एरर २ नंबरने. स्क्रीनवर दोन्ही एकत्र दिसतात, म्हणून फरक कळत नाही. पुढची बाणाची चिन्हं आउटपुट स्क्रीनऐवजी फाइलकडे वळवतात. नुसतं > किंवा >> लावलं की फाइलमध्ये फक्त १ जातो. खालच्या ओळींत टार ही फाइली एकत्र बांधून बॅकअप घेणारी कमांड आहे.

बरोबर: टार … >> बॅकअप.लॉग २>&१
चूक: टार … २>&१ >> बॅकअप.लॉग

शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) ही चिन्हं डावीकडून उजवीकडे वाचतं. २>&१ म्हणजे "१ या क्षणी जिथे जातोय, तिथे २ ला पाठव." दोघांची कायमची गाठ बांधली जात नाही. चुकीच्या ओळीत त्या क्षणी १ स्क्रीनवर असतो, म्हणून २ तिथेच राहतो आणि नंतर एकटा १ फाइलकडे वळतो. हाताने चालवून पाहिलं तर एरर समोर दिसते. रात्री क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम) स्क्रीनच नसते. क्रॉन तो मजकूर मेल करू पाहतं, आणि मेल बसवलेलं नसेल तर तो वाया जातो. लाइन जाऊन आल्यावर बाहेरची डिस्क माउंट झाली नाही (सिस्टिमला जोडली गेली नाही), तर हे तुम्हाला कळणार कसं?

चूक=$(कमांड २>&१ >/डेव्ह/नल) अशी ओळ आमच्या स्क्रिप्टमध्ये दिसली तर मात्र ती 'सुधारू' नका. तिथे नेहमीचं आउटपुट /डेव्ह/नलमध्ये (टाकलेलं सगळं नाहीसं करणारी फाइल) फेकून फक्त एररच 'चूक' या व्हेरिएबलमध्ये हवी असते, म्हणून क्रम मुद्दाम तसा आहे. तिच्या लगेच खाली $? (आधीची कमांड यशस्वी झाली का, ते सांगणारा आकडा) तपासलं आहे, मधे एको (मजकूर छापणारी कमांड) घातलं की तो आकडा एकोचा होतो.

डेटाबेसच्या डंपला (सगळा डेटा फाइलमध्ये उतरवणारी कमांड) २>&१ लावायचंच नाही. कमांडमध्ये पासवर्ड लिहिला असेल तर मायएसक्यूएल (डेटाबेसचा प्रोग्राम) वॉर्निंग देतं, ती .एसक्यूएल फाइलमध्ये शिरते आणि रिस्टोर तिथेच अडतं. तिथे २>> चूक.लॉग अशी वेगळी फाइल ठेवा.

नेटवरून &> उचलू नका. दोन्ही वाटा एकदम फाइलकडे वळवणारं ते चिन्ह बॅश या शेलचं आहे. उबुंटू लिनक्सवर क्रॉन डॅश या दुसऱ्या शेलमधून चालतं; तिथे कमांड बॅकग्राउंडला जाते आणि फाइल रिकामी होते.

इथे छपाईसाठी सगळं देवनागरीत आहे. मशीनवर आकडेसुद्धा इंग्रजीच टाका. देवनागरी २ ला टार फाइलीचं नाव समजतं.

लॉग वाढते म्हणून एरर /डेव्ह/नलमध्ये टाकण्याची गरज नाही, जुनी लॉग आपोआप बाजूला काढणारं लॉगरोटेट आम्ही लावूनच देतो. वार्षिक करारातल्या ग्राहकांनी ओळ बदलण्याआधी तिचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकावा, तपासून देण्याचे पैसे नाहीत. करार नसेल तर व्हिजिट चार्ज लागतो, आणि आमच्या माणसाचा अर्धा दिवस एसटीतच जातो. फोन करण्याआधी लॉगच्या शेवटच्या २० ओळी पाठवा.