कोल्ट की फिली: घोडीच्या अंगावरून झालेला वाद

घोडी व्याली की शिंगरू धडपडत उभं राहायच्या आतच मोतद्दार त्याची शेपटी उचलून बघतो. रेसच्या धंद्यात चांगल्या कुळीचा कोल्ट, म्हणजे नर शिंगरू, लिलावात सहसा फिलीपेक्षा, म्हणजे मादी शिंगरापेक्षा, जास्त भाव खातो. पोलोवाल्यांचं बरोबर उलट असतं, त्यांना घोडीच हवी असते. त्यामुळे काय जन्मणार हे आधी ठरवता आलं तर, हा विचार घोडे पाळणाऱ्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येऊन जातो. "घोडी अंग धरत असताना फळवली तर कोल्ट, अंगाने उतरत असताना फळवली तर फिली" हा नियम याच विचारातून उचलला जातो. तो अगदीच हवेतला नाही. पण ज्या संशोधनातून तो निघाला, त्याचा अर्थ लावताना एका शब्दाने बराच घोळ घातला आहे.

जुन्या समजुतींवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ग्रीकांनी वाऱ्याची दिशा धरली: उत्तरेचा वारा असेल तर नर, दक्षिणेचा असेल तर मादी. रोमन शेतकी ग्रंथांत तर खोंड हवा असेल तर वळूचं डावं अंड बांधून ठेवायला सांगितलं आहे. 1905 मध्ये लिंगनिश्चिती गुणसूत्रांवर बांधली गेली आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटला. शुक्रजंतू एक्सवाला असेल तर मादी, वायवाला असेल तर नर, बस्स. यात घोडीचा काही हात नाही असंच पुढची कित्येक दशकं धरून चाललं होतं. तबेल्यांमध्ये ठपका मग वळूवर, म्हणजे पैदाशीच्या घोड्यावर, यायचा. चार फिल्या लागोपाठ झाल्या की "हा फिल्याच देतो" म्हणायला लोक मोकळे. नाणं चार वेळा उडवलं तर सोळातून एकदा चारही छापे पडतात, हा हिशोब त्या वेळी कुणी करत नाही.

1973 मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला आणि घोडी पुन्हा चर्चेत आली. त्यातला तर्क घोड्यांना चपखल बसतो. रानातल्या कळपात एक वळू अनेक घोड्या राखतो. धष्टपुष्ट मुलगा असेल तर तो डझनावारी शिंगरं देईल, किडमिडीत असेल तर एकही नाही. मुलीचं तसं नसतं. ती बेताची असली तरी वर्षा-दोन वर्षांनी वितेच. म्हणजे आई सुस्थितीत असेल तर तिने मुलावर डाव लावावा, हलाखीत असेल तर मुलीवर. निसर्गाने अशी सोय केली असेल का, हा प्रश्न होता. नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत हरणांपासून माकडांपर्यंत अनेक प्राण्यांवर तो तपासला गेला. काही ठिकाणी होकार आला, काही ठिकाणी नकार, बऱ्याच ठिकाणी काहीच हाती लागलं नाही.

घोड्यांपुरतं उत्तर आलं न्यूझीलंडमधून. उत्तर बेटाच्या मध्यभागी, लष्कराच्या सराव क्षेत्रात कैमानावा नावाचे मोकाट घोडे आहेत. 1981 मध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं, कळप झपाट्याने वाढला, आणि 1990 च्या दशकात जादा घोडे गोळ्या घालून मारायचे की पकडून हलवायचे यावरून तिथे मोठं रण माजलं. त्याच काळात काही संशोधक या कळपांमागे हिंडत होते. प्रत्येक घोडी ओळखायची, तिच्या अंगावर किती मांस-चरबी आहे ते लांबूनच नजरेने मोजून आकडा द्यायचा, आणि शिंगरू झालं की साधारण अकरा महिने मागे जाऊन गर्भधारणेच्या सुमाराचा आकडा काढायचा. 1999 चा निष्कर्ष असा होता की कोल्ट झालेल्या घोड्या गर्भधारणेच्या वेळी जास्त भरलेल्या होत्या. एकाच घोडीला एका वर्षी कोल्ट आणि दुसऱ्या वर्षी फिली झाली असेल, तर तिथेही हाच फरक दिसत होता.

आता तो शब्द. इंग्रजीत हे सगळं 'कंडिशन' या एकाच शब्दाखाली येतं. 1983 मध्ये टेक्सासात घोड्यांसाठी 1 ते 9 ची एक पट्टी तयार झाली. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 9 म्हणजे लठ्ठ. मान, खांद्यावरचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा ठिकाणी बघून नि चाचपून आकडा देतात. बरगड्या दिसत नाहीत पण हात फिरवला की लागतात, ती घोडी 5 ची. पट्टी उत्तम आहे, पण ती एका दिवसाचा फोटो दाखवते. आपल्याकडे जनावराचं बोलताना "भरलेली आहे" आणि "भरत चालली आहे" या दोन वेगळ्या गोष्टी असतात. बाजारात जनावर घेणारा माणूस हे दोन्ही विचारतो. 'कंडिशन' मध्ये हा भेद पुसला जातो, आणि माझ्या मते नंतरच्या निम्म्या वादाचं मूळ तिथे आहे. कुणी गर्भधारणेच्या वेळी मोजलं, कुणी गाभण काळाच्या मध्यात, कुणी विण्याच्या वेळी, आणि कुणी अंग न बघता घोडीचं कळपातलं स्थानच धरलं. सगळ्यांनी त्याला तेच नाव दिलं. 2004 मध्ये सस्तन प्राण्यांवरच्या अभ्यासांची एकत्र झाडाझडती झाली, तेव्हा गर्भधारणेच्या सुमाराला मोजलेल्या अभ्यासांत त्या तर्काला बराच आधार मिळाला. बाकीच्यांत तो विरून गेला होता.

2007 मध्ये कैमानावाच्याच नोंदी पुन्हा काढल्या गेल्या, या वेळी 'किती' ऐवजी 'कुठल्या दिशेने' हे बघून. गर्भधारणेच्या आसपास अंग धरणाऱ्या घोड्यांपैकी 80 टक्क्यांना कोल्ट झाले. उतरणाऱ्यांपैकी फक्त 3 टक्क्यांना. जीवशास्त्रात असे आकडे सहसा दिसत नाहीत. म्हणून शंका घ्यायला जागा आहे: कळप एकच आणि नोंदी मर्यादित. तरीही मला हा अभ्यास पहिल्यापेक्षा पटतो, कारण तो बरोबर प्रश्न विचारतो.

असं का व्हावं, याचा धागा रक्तातल्या साखरेकडे जातो. प्रयोगशाळेतल्या बशीत गायीचे भ्रूण जास्त ग्लुकोजमध्ये वाढवले तर नर भ्रूण जास्त तग धरतात. घोडीच्या पोटात भ्रूण सहाव्या दिवसाच्या सुमाराला गर्भाशयात उतरतो आणि साधारण सोळाव्या दिवसापर्यंत एका जागी न थांबता तिथे फिरत राहतो. निवड होत असेल तर या नाजूक दिवसांत होत असावी, असा कयास आहे. वळूलाही पूर्ण सोडून चालणार नाही. स्पेनमध्ये लाल हरणांवरच्या 2006 च्या अभ्यासात जास्त प्रजननक्षम नरांना मुलगे जास्त झाले होते.

स्टड फार्मवर मात्र यातलं फारसं दिसत नाही. शुद्धवंशी, म्हणजे रेसच्या थरोब्रेड, घोड्यांच्या नोंदवह्यांत कोल्ट आणि फिल्या जवळपास निम्म्या-निम्म्या निघतात. कारण उघड आहे. तिथली घोडी ना खंगते ना एकदम भरते, वर्षभर तोललेला खुराक असतो. त्यात उत्तर गोलार्धात प्रत्येक शुद्धवंशी शिंगराचा वाढदिवस 1 जानेवारी धरतात. म्हणून घोडी लवकर माजावर यावी यासाठी हिवाळ्यात गोठ्यात रात्री उशिरापर्यंत दिवे लावून तिला फसवतात. रानातली घोडी हिरव्या गवताच्या दिवसांत फळते, हिला दिव्याखाली फळावं लागतं. फिली मिळावी म्हणून घोडीचा खुराक तोडणं हा तर शुद्ध आडमुठेपणा आहे. उतरलेली घोडी मुळात गाभणच कमी राहते, हे त्या टेक्सासच्या पट्टीवाल्या अभ्यासातच दिसलं होतं.

खात्रीचा मार्ग आहे, पण रेसवाल्यांना तो बंद आहे. एक्सवाल्या शुक्रजंतूत डीएनए थोडा जास्त असतो, त्यावरून यंत्राने दोन्ही वेगळे करता येतात. 1998 मध्ये अमेरिकेत अशा निवडलेल्या वीर्यातून फिली जन्मली. अडचण संख्येची आहे. घोडीच्या नेहमीच्या रेतनाला 50 कोटी शुक्रजंतू लागतात, आणि यंत्र तेवढे वेगळे करेपर्यंत माज उलटून जाईल. थोडेच शुक्रजंतू गर्भाशयाच्या शिंगात, म्हणजे त्याच्या एका फाट्यात, खोलवर सोडून काम भागवावं लागतं. शुद्धवंशी शिंगरू मात्र नैसर्गिक संयोगातूनच झालेलं असावं लागतं, नाहीतर त्याची नोंदच होत नाही. त्यामुळे तिथे घोडी गाभण राहिल्यावर साठ ते सत्तर दिवसांच्या दरम्यान सोनोग्राफी करतात. पडद्यावर जननेंद्रियाच्या अंकुराचा एक बारीक पांढरा ठिपका दिसतो. तो बेंबीकडे सरकलेला असेल तर कोल्ट, शेपटीकडे असेल तर फिली.