टिलरचं दातेरी चाक आणि मायदेशी परतणारे कारखाने

गेल्या आषाढात आमच्या खालच्या खाचरात चिखलणी अर्ध्यावर आली असताना पॉवर टिलरच्या, म्हणजे हाताने धरून चालवायच्या छोट्या नांगरणी यंत्राच्या, माती फिरवणाऱ्या रोटरीतून खडखडाट यायला लागला. झाकण काढलं तर साखळीच्या दातेरी चाकाचे तीन दात गेलेले. टिलर चिनी. ज्या दुकानातून घेतला, त्याने ते मॉडेल आणणंच बंद केलं होतं. तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावणीला आलेला, बैल कधीच विकलेले.

यंत्रं परदेशातून आणण्याऐवजी इथेच बनवायची, ही भाषा गेली काही वर्षं आपण रोज ऐकतो. कोकणात ती समजून घ्यायची तर या चाकामागचा इतिहास बघावा लागतो.

परदेशी अवजार इथे घडवण्याचा प्रयत्न जुनाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विलायती नांगराच्या धर्तीवर लोखंडी नांगर केला आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. पण तो नांगर घाटावरच्या खोल काळ्या जमिनीचा. आमच्या जांभ्यावरच्या उथळ मातीत, डोंगरउतारावरच्या हातभर खाचरांत हलका लाकडी नांगरच चालायचा. तो गावचा सुतार करायचा, फाळ लोहार घडवायचा. सकाळी मोडला तर संध्याकाळपर्यंत जोत पुन्हा उभं राहायचं. पुढे कोकणातले कामसू हात मुंबईला गेले, गिरण्यांत आणि वर्कशॉपांत लागले. यंत्रावर काम करणारा माणूस कोकणातला, पण यंत्र कोकणाबाहेर, अशी आपली दोन-तीन पिढ्यांची अवस्था आहे.

पॉवर टिलर मुळात जपानच्या लहान भातखाचरांसाठी वाढलेलं यंत्र, म्हणून ते आपल्याला बरोबर बसलं. ते भारतात बनायला लागलं तेही जपानी कंपन्यांचा हात धरूनच: बंगळूरला १९६७ साली निघालेल्या व्हीएसटी कंपनीने मित्सुबिशीच्या सहकार्याने, केरळात १९७३ साली निघालेल्या काम्को या सरकारी कंपनीने कुबोटाच्या सहकार्याने. १ एप्रिल २००१ ला आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं उठली आणि त्यानंतरच्या वर्षांत स्वस्त चिनी टिलर बाजारात आले. लहान शेतकऱ्याने ते घेतले यात त्याची चूक नाही. बैलजोडी वर्षभर पोसणं परवडत नव्हतं.

१५ जुलै २०२० ला केंद्र सरकारने पॉवर टिलर आणि त्याचे सुटे भाग मुक्त आयातीतून काढून निर्बंधित यादीत टाकले. इंजिन, ट्रान्समिशन, चासी, रोटाव्हेटर, सगळं त्यात आलं. आयात करायची तर परवाना हवा, आणि अर्जदाराकडे प्रशिक्षणाची, विक्रीनंतरच्या सेवेची आणि सुट्या भागांची सोय हवी, अशी अट घातली. मला ही अट निर्बंधापेक्षाही मोलाची वाटते. फक्त तिच्याआधी विकल्या गेलेल्या यंत्रांचं काय, याचं उत्तर आमच्या वाडीत तरी कोणी दिलं नाही.

कारखाना परत आणणं किती अवघड, हे अमेरिकेनेही अनुभवलं. क्राफ्ट्समन हा तिथला पाने-सॉकेटचा घराघरातला ब्रँड. त्याची बरीच अवजारं आशियात बनायला लागली होती. स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी अवजार कंपनीने २०१७ मध्ये तो ब्रँड घेतला आणि २०१९ मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थला सुमारे ९ कोटी डॉलरचा कारखाना जाहीर केला. चीनशी किमतीत टक्कर द्यायची ती स्वयंचलित यंत्रांच्या जोरावर, असा बेत होता. ती यंत्रं नीट चाललीच नाहीत आणि २०२३ मध्ये कारखाना बंद करायची घोषणा झाली. पैसा होता, नाव होतं, गिऱ्हाईक होतं. एकदा मोडलेली कारागिरीची घडी मात्र पैसे टाकून लगेच बसत नाही.

आमचं चाक शेवटी तालुक्याच्या गावी एका टर्नरकडे नेलं. मुंबईच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवून ते गावी परतलेत. त्यांनी झिजल्या जागी वेल्डिंगचा थर चढवला, धड दाताचा पुठ्ठ्यावर छाप घेतला आणि तो धरून दोन तास कानशीने एकेक दात काढला. देताना म्हणाले, "लावणी निघेल. पण याला हार्डनिंग नाही, पुढच्या वर्षीचं सांगत नाही." खरंच, लावणी निघाली आणि दात पुन्हा गोल झाले. हार्डनिंगची, म्हणजे पोलाद तापवून, विझवून कडक करण्याची भट्टी आमच्याजवळ नाही, त्यासाठी घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं.

जवळ काय घडू शकतं याचा दाखलाही कोकणातच आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा घ्या. दातेरी पात्याचा हा विळा भात जमिनीलगत कापतो, त्यामुळे धसकटात राहणारी खोडकिडीची अळी कमी होते. किंवा आंबे उतरवायचा नूतन झेला: त्याने आंबा देठासकट उतरतो, चीक फळावर ओघळत नाही. दोन्ही अवजारं इथलं पीक आणि इथली अडचण बघून झाली, आणि दोन्हींची दुरुस्ती गावात होते.

दिवाळीनंतर त्याच टर्नरांनी मापं काढून दिली आणि आम्ही कोल्हापूरहून हार्डनिंग केलेली दोन चाकं करून आणली. एक टिलरला बसवलंय. दुसरं ग्रीस फासून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडवीत खुंटीला टांगलंय.