‘ब्राह्मणकन्या’च्या मागचा कायदा

‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ रचणाऱ्या श्रीधर व्यंकटेश केतकरांची ‘ब्राह्मणकन्या’ ही कादंबरी 1930 ची. नायिका कालिंदी डग्गे. वडील अप्पासाहेब ब्राह्मण, सुधारक. आईची आई मात्र कुणाची तरी रखेली. वडिलांनी तत्त्व म्हणून लग्न केलं, त्याची वसुली झाली मुलीकडून. ब्राह्मणांत तिला स्थळ मिळेना. शेवटी ती शिवशरणप्पा या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर लग्नाशिवाय राहायला जाते, तिला मूल होतं आणि तो अंग काढून घेतो.

यात खलनायक शोधू गेलं तर हाती फारसं लागत नाही. केतकरांची पात्रं प्रेम कमी आणि चर्चा जास्त करतात, गद्यही ओबडधोबड. पण जातीचं गणित त्यांना पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवरच संशोधन केलं होतं. तो ग्रंथ 1909 मध्ये आला. 1920 मध्ये त्यांनी एडिथ कोन या ज्यू तरुणीशी लग्न केलं, तेही व्रात्यस्तोम विधीने तिला हिंदू करून घेऊन. त्या शीलवतीबाई केतकर. ज्ञानकोशकारालाही लग्नासाठी जुन्या पोथीतून वाट काढावी लागली! कादंबरीतले वैजनाथशास्त्री नवी स्मृती, म्हणजे नवं धर्मशास्त्र, लिहायला बसतात, ते उगाच नाही.

तेव्हाचा कायदा बघा. 1872 च्या विवाह कायद्याने नोंदणी लग्न करता येई, पण ‘मी हिंदू धर्म मानत नाही’ असं हिंदूला लिहून द्यावं लागे. धार्मिक विधीने लग्न करावं तर वर्ण आडवा. ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांचा विवाह मुंबई हायकोर्टाने 1912 मध्ये अवैध ठरवला. उलट 1922 मध्ये वैश्य पुरुष आणि शूद्र स्त्री यांचा विवाह त्याच कोर्टाने मान्य केला. म्हणजे बाई वरच्या वर्णाची असली की सगळं अडलं. विठ्ठलभाई पटेलांनी 1918 मध्ये आंतरजातीय विवाहांसाठी विधेयक आणलं, त्यावर सनातन्यांनी काहूर उठवलं आणि ते बारगळलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मात्र आपल्या संस्थानापुरता तसा कायदा करून टाकला.

1923 मध्ये कायदेपंडित हरिसिंग गौरांच्या दुरुस्तीने 1872 च्या कायद्यातली धर्म नाकारण्याची अट हिंदूंपुरती गेली. बदल्यात काय? असं लग्न करणारा एकत्र कुटुंबातून आपोआप विभक्त. त्याला स्वतःला दत्तक घेता येणार नाही. आणि वडिलांना दुसरा मुलगा नसेल, तर त्यांना नवा मुलगा दत्तक घ्यायची मुभा. पोटचा मुलगा जिवंत, तरी कायद्याच्या लेखी त्याची जागा रिकामी. हे कलम वाचल्यावर घरातली ताटातूट कादंबरीकाराने वाढवून सांगितली असं म्हणवत नाही.

धार्मिक विधीने झालेली आंतरजातीय लग्नं 1949 च्या कायद्याने सरसकट वैध झाली, आधीचीसुद्धा. नोंदणी विवाहाचा नवा कायदा 1954 मध्ये आला, तरी एकत्र कुटुंबातून तुटण्याची तरतूद त्यात राहिलीच. दोघंही हिंदू असलेल्या जोडप्यांना तिच्यातून सूट मिळाली ती 1976 मध्ये.