फूड लायसन्सचा नंबर आणि अ‍ॅगमार्क: हळदीच्या पुडीवर कोण कशाची ग्वाही देतं?

सांगलीत किराणा दुकानात हळदीची पुडी घेताना बरेच जण ती उलटी करून बघतात. मागे ‘एफएसएसएआय’, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं नाव आणि लायसन्सचा नंबर दिसला की निर्धास्त होतात. ‘सरकारी शिक्का आहे की, वहिनी,’ असं दुकानदारही सांगतो. शेजारी अ‍ॅगमार्क, म्हणजे शेतमालाच्या दर्जाची खूण, असला तर सरकारी शिक्के दोन झाले, म्हणजे माल दुप्पट चांगला असा हिशेब होतो. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. या दोन खुणा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. ज्या गावाच्या नावावर देशभर हळद खपते, तिथल्या गिऱ्हाइकाला तरी हा फरक ठाऊक असायला हवा.

आधी लायसन्सचा नंबर घेऊ. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा. खाण्याचा पदार्थ बनवणाऱ्या, भरणाऱ्या किंवा विकणाऱ्याने या कायद्याखाली परवाना किंवा नोंदणी घेतलीच पाहिजे. पुडीवरचा चौदा आकडी नंबर तोच. पहिला आकडा 1 असेल तर परवाना, 2 असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे 15, आणि परवाना थेट केंद्राकडून घेतलेला असेल तर तिथे 00 असतात. म्हणजे हा नंबर व्यवसायाचा आहे, हळदीचा नाही. या पुडीमागे कोण उभा आहे आणि काही झालं तर कुणाला धरायचं, एवढंच तो सांगतो. पुडीतली हळद कुणी तपासली, हे त्यातून कळत नाही.

तपासणी अजिबात नसते असंही नाही. परवानाधारक उत्पादकाने निदान सहा महिन्यांतून एकदा माल तपासून घ्यावा, अशी परवान्याची अट आहे. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातून नमुनेही उचलतात. पण सहा महिन्यांत एका कारखान्यातून किती पोती दळून जातात, हे मार्केट यार्डात एकदा चक्कर मारली तरी लक्षात येतं. तुमच्या हातातली पुडी तपासलेल्या मालातली असेलच, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

अ‍ॅगमार्कचं काम इथून पुढचं. त्याचा कायदा जुना, 1937 चा, आणि तो राबवतं केंद्राचं पणन व तपासणी संचालनालय. त्यांची मध्यवर्ती प्रयोगशाळा आपल्या नागपुरातच आहे. हळदीला अ‍ॅगमार्क ऐच्छिक आहे. ज्याला हवा तो पॅकर अधिकारपत्र घेतो. मग त्याने प्रत्येक लॉटचा, म्हणजे एका वेळी तयार झालेल्या मालाचा, नमुना स्वतःच्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचा, प्रत म्हणजे दर्जा ठरवायचा आणि मगच त्या लॉटच्या पुड्यांवर अ‍ॅगमार्क लावायचा. संचालनालयाचे अधिकारी पॅकरकडून आणि बाजारातूनही पडताळणीसाठी नमुने घेतात. म्हणून अ‍ॅगमार्क बोलतो तो मालाबद्दल, आणि तोही त्या लॉटपुरता. तेव्हा नुसतं चित्र बघून थांबू नका, प्रत आणि लॉट नंबर छापलाय का ते पाहा. ते नसतील तर त्या चित्रावर माझा भरवसा बसत नाही.

फसवणूक नेमकी कुठे होते, ते आता सांगतो. ‘एफएसएसएआय प्रमाणित, 100 टक्के शुद्ध’ असं ठळक अक्षरात छापलेल्या पुड्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. लायसन्स नंबर छापणं कायद्याने बंधनकारकच आहे. जे करावंच लागतं तेच मोठ्या अक्षरात गुण म्हणून मिरवायचं, आणि परवाना व्यवसायाचा असताना तो मालाच्या शुद्धतेचा दाखला असल्यासारखा दाखवायचा, ही गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर केलेली कमाई आहे. याचा मला मनापासून राग येतो. कारण त्याच फळीवर शेजारी एखाद्या बचत गटाची पुडी असते. नोंदणी असते, दळण चोख असतं, पण दर लॉटच्या तपासणीचा खर्च झेपत नाही म्हणून अ‍ॅगमार्क नसतो. अ‍ॅगमार्क नसणं हा दोष नाही. लायसन्स नंबर नसणं मात्र बेकायदेशीर आहे. हा फरक उलटा धरला की चांगला माणूस मागे पडतो. आणि हो, पोत्यातली सुटी हळद पूड विकायला मुळात परवानगीच नाही. दळलेले मसाले पॅकबंदच विकले पाहिजेत.

‘सांगलीची हळद’ हे शब्द तर या दोन्ही खुणांच्या कक्षेत येत नाहीत. त्यासाठी भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं; सांगलीच्या हळदीला ते 2018 मध्ये मिळालं. आपल्या हळदीच्या सौद्यात राजापुरी या इथल्या वाणाबरोबर परपेठ, म्हणजे बाहेरची हळदही येते, कर्नाटकातली, तेलंगणातली. त्यात काही वावगं नाही, पेठ मोठी आहे. पण सांगलीत भरलेली हळद आणि सांगलीत पिकलेली हळद एक नव्हे.

एवढी चिकित्सा कशाला, तर भेसळीमुळे. हळद विकली जाते रंगावर. फिकट हळकुंडाला पिवळाधमक रंग चढवायला लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग, वापरल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. पुडीत मेटॅनिल यलो हा खायला बंदी असलेला रंग घालतात, वजनाला स्टार्च. शिसं अंगात साठत जातं आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. घरी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वर चमचाभर हळद सोडा. चांगली हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं होतं, रंग घातलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं. हा अंदाज झाला. शिसं किती आहे हे कळायला प्रयोगशाळाच लागते.

तक्रारीच्या वाटाही वेगळ्या. आधी ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर चौदा आकडे टाकून नाव-पत्ता जुळतो का पाहा. नंबर खोटा, मुदत संपलेली किंवा भेसळीचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाचं जिल्ह्यातलं कार्यालय. अ‍ॅगमार्कचा गैरवापर असेल तर पणन व तपासणी संचालनालय. पैसे परत किंवा भरपाई हवी असेल तर आधी 1915 ही ग्राहक हेल्पलाइन, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, आणि 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते. माल पुण्याहून ऑनलाइन मागवला असला तरी दावा सांगलीत चालतो.

बिल मात्र मागून घ्या आणि पुडी फाडून फेकू नका, लॉट नंबर तिच्यावरच असतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे साधा ग्राहकही फी भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. विकणाऱ्याला तसं तेव्हाच कळवावं लागतं. अहवालात कायद्याचा भंग निघाला, तर भरलेली फी परत मिळते.